बदकाचं पोट

मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही चांगलं बोललो तर तुम्हाला ते खरं वाटेल, आणि वाईट बोललो तर नवल वाटणार नाही. माणूस म्हणून तो उत्तम आहे. तीच तर पंचाईत आहे. जरा नालायक निघाला असता तर मी त्याच्यावर जीव टाकला असता.

नात्याने मी थोरला जावई. माझी बायको मोठी, मेहुणी धाकटी, आणि साडू हा त्या धाकटीचा नवरा. म्हणजे सासरी पहिला मान माझा. तो मला मिळतोही. मी गेलो की सासरे खुर्चीतून अर्धे उठतात, "या जावईबापू, बसा," म्हणतात, आणि मग आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसतो. साडू आला की ते उठत नाहीत. "आलास का रे? दार लाव आधी, डास येतात," एवढंच म्हणतात, आणि मग त्या दोघांचं हसणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत राहतं. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून साडूने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. ते यंत्र साडू आला की सासरे कानात घालतात. मी आलो की काढून डबीत ठेवतात. सेल उगाच वाया जातो म्हणे.

तर सासऱ्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्याचं काय करायचं हे ठरवायला सगळे त्यांच्याकडे जेवायला जमलो होतो. साडूने भाताचा घास घेता घेता जाहीर केलं, "बाबांना विमानाने समुद्रावर नेतो. सगळं मी बघतो." मेहुणीने टाळी वाजवली. बायकोने वाजवली नाही, पण तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यापेक्षा टाळी बरी.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायच्या आत शब्द बाहेर पडले. "मी बाबांना तळ्यावर नेणार आहे. त्यांच्या बदकातून."

बदक म्हणजे सासऱ्यांची जुनी गाडी. बसकी, गोल पोटाची, आणि हॉर्न असा की गाडी दाणे मागायला उभी आहे असं वाटावं. बायको आणि मेहुणी लहान असताना त्यांनी ते नाव ठेवलं. दर रविवारी सासरे दोघींना त्यात घालून तळ्यावर न्यायचे. डोळ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी गाडी मला दिली, आणि तेव्हापासून ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली बसून होती. मी अधूनमधून ताडपत्री झटकत असे. त्यापलीकडे आमचे काही संबंध नव्हते.

सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून डबी काढली, यंत्र कानात घातलं आणि विचारलं, "काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. "बदकातून. पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं तसं माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि साडूने काय करावं? ताटावरून उठून माझ्या पाठीवर थाप मारली. "दादा, क्या बात है! विमान रद्द. हेच करायचं." जिंकल्याचा आनंदसुद्धा या माणसाने मला एकट्याला घेऊ दिला नाही. मात्र घरी जाताना मेहुणी बायकोच्या कानाशी म्हणाली, "नाहीच जमलं भाऊजींना, तर विमान आहेच." ते मी ऐकलं. त्या क्षणी बदक चालू करणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

आमच्या भागात जुन्या गाड्यांचा एक मेकॅनिक आहे. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो बॉनेटवर कान टेकवून डोळे मिटतो. आमच्या गाडीवर त्याने पुष्कळ वेळ कान टेकवला. मग डोळे उघडून म्हणाला, "इंजिन गेलं."

"कधी?"

"ते नाही सांगता येत. पण गेलंय." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने धीर दिला. "माझ्याकडे एका टेम्पोचं इंजिन पडलंय. बसवून टाकू. काय त्यात!"

'काय त्यात' हे शब्द मी त्यानंतर इतक्यांदा ऐकले की आता कुणी म्हटले तर मला घाम फुटतो. इंजिन आलं, साखळीने लोंबकळलं, गाडीच्या तोंडात उतरलं आणि मधेच अडकलं. इंजिनाच्या तळाशी तेल साठायला पत्र्याचं एक खोलगट भांडं असतं, त्याला हे लोक चेंबर म्हणतात. टेम्पोचं चेंबर चांगलं खाल्ल्यापिल्ल्या घरचं होतं. आणि आमच्या बदकाच्या दोन पुढच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, नेमका त्याच्या खालून जात होता. चेंबर त्या अ‍ॅक्सलवर जाऊन बसलं. हात कमरेवर ठेवून डॉक्टर म्हणाला, "इंजिन फिट आहे. फक्त चेंबर नडतंय."

हे सगळं चालू होतं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त प्राध्यापक रोज खुर्ची घेऊन येऊन बसत. ते आयुष्यभर व्याकरण शिकवून निवृत्त झाले होते, पण गाडीबद्दल बोलताना त्यांना ते आठवत नसे. "इंजिन वर उचला," ते म्हणाले. डॉक्टरने इंजिनाखाली रबराचे ठोकळे घालून ते वर उचललं. चेंबर सुटलं, पण बॉनेट बंद होईना. "मग बॉनेटला भोक पाडा," प्राध्यापक म्हणाले. गाडीच्या तोंडाला भोक पाडून मी सासऱ्यांपुढे कोणतं तोंड घेऊन जाणार होतो? मी नकार दिला. त्यांनी खुर्ची उचलली आणि त्या दिवसापुरते रागावून निघून गेले.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं वेगळंच होतं. पार्किंग हे वाहन उभं करण्यासाठी आहे. वाहन उघडून ठेवण्यासाठी नाही. बॉनेट उघडं असेपर्यंत ते दुरुस्तीचं काम ठरतं आणि त्याला समितीची परवानगी लागते. बॉनेट बंद केलं की परवानगी लागत नाही. "पण बंद होत नाहीये, हीच तर दुरुस्ती आहे," मी म्हणालो. "मग परवानगी घ्या," ते म्हणाले. समितीची बैठक सेक्रेटरींना वेळ असेल तेव्हाच होते, आणि सेक्रेटरींना वेळ नव्हता, कारण ते दिवसभर पार्किंगमध्ये माझ्यावर लक्ष ठेवून होते.

आता यात माझ्या हाती काय लागलं असं तुम्ही विचाराल. सांगतो. फोन लागला. म्हणजे सासऱ्यांचा फोन मला येऊ लागला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधीही आपणहून फोन केला नव्हता. बायकोचा लागला नाही तरच माझा लावायचे आणि "तिला द्या" म्हणायचे. आता रोज सकाळी चहा झाला की माझा फोन वाजे. "जावईबापू, कुठवर आलं?" मग मी चेंबरची हकिकत सांगे. ते मधेच "हं... हं..." करत. त्यावरून मला कळे की यंत्र कानात आहे. एकदा साडू घरी आलेला असताना हा फोन आला. तो म्हणाला, "अरे वा! बाबा तुम्हाला रोज फोन करतात? मला तर आठवडाभर नाही केला." मी खांदे उडवून "करतात बुवा" असं सहज म्हणालो. आतून मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

शेवटी डॉक्टरने निकाल दिला. चेंबर कापायचं, जिथे अ‍ॅक्सल लागतो तिथे आत घ्यायचं आणि पुन्हा जोडायचं. काय त्यात! फक्त किती आत घ्यायचं ते मोजायला मऊ काहीतरी लागेल. अ‍ॅक्सलवर ते ठेवायचं, वरून इंजिन सोडायचं, दाबून जो ठसा उठेल तो वेल्डरला दाखवायचा. मी वर गेलो आणि स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन आलो. ठसा फार सुरेख उठला. मी तो डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला, म्हणजे आकार बिघडू नये. दुसऱ्या दिवशी डबा घासून पालथा घातलेला होता.

"काळी पडली होती ती कणीक," बायको म्हणाली. "फेकून दिली. आणि मी पोळ्यांसाठी मळून ठेवलेला गोळा कुठे गेला ते मी विचारलेलं नाही अजून."

मी डॉक्टरकडे गेलो. आता पुन्हा इंजिन कोण उचलणार, असं तोंड करून तो म्हणाला, "ठसा कशाला हवाय? दोन बोटं आत घ्यायला सांगा त्याला."

तो स्वतः वेल्डरकडे गेला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डॉक्टर आणि वेल्डर यांचं बोलणं बंद होतं. कुणीतरी कुणाचा तरी पाना नेला होता आणि तो परत आला तेव्हा त्याचा जबडा सैल झाला होता, असं काहीसं मोठं प्रकरण होतं. त्यामुळे चेंबर घेऊन मी गेलो. बायकोच्या भाजीच्या पिशवीत ते चेंबर, पिशवीतून तेल माझ्या पँटवर, आणि मी शेअर रिक्षात. शेजारच्या बाईंनी पदर सावरून घेतला.

वेल्डरने चेंबर उलटसुलट करून पाहिलं. "किती आत घ्यायचंय?"

"दोन बोटं."

"कुणाची?"

हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे हे मला आज कळतं. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. तासभर रिक्षात तेलाने माखलेला मनुष्य, घरचा थोरला जावई, आणि हा विचारतो कुणाची! मी तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "ही!" त्याने माझ्या बोटांना पट्टी लावली, खडूने खूण केली आणि चष्मा चढवला. माझी बोटं आयुष्यभर कागद उलटत आलेली. डॉक्टरची बोटं तुम्ही पाहिली नाहीत. त्याचं एक बोट म्हणजे माझी दोन.

चेंबर जोडून झालं, तर आता त्यात तेल कमी मावणार म्हणून वेल्डरने मागच्या बाजूला पत्र्याची एक पिशवीही लावून दिली. कांगारूसारखी. घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाला, गळतं का ते बघा. बाहेरून खडू फासा आणि आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. खडू ओला झाला तिथे छिद्र समजायचं. मी ते चेंबर बाल्कनीत दोन विटांवर ठेवलं आणि निर्धास्त झोपलो. सकाळी खडू सगळीकडे कोरडा ठणठणीत होता. एक थेंबही नव्हता. बाहेर नव्हता, तसा आतही नव्हता. रॉकेल तळाच्या, मी खडू फासायला विसरलेल्या एका जोडातून सरळ बाल्कनीच्या पन्हाळीत, आणि पन्हाळीतून खाली प्राध्यापकांच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर गेलं होतं. प्राध्यापक ते सदरे हातात धरून वर आले. त्यांना वास येत होता. सेक्रेटरी त्यांच्या मागोमाग आले. त्यांना नियम आठवत होता.

ते दोघे गेल्यावर बायको बोलली. ती सहसा आवाज चढवत नाही. भांडी जरा जोरात ठेवते. "कशासाठी चाललंय हे सगळं? बाबांसाठी? का त्यांना दाखवायला?" 'त्यांना' म्हणजे कुणाला ते सांगायची गरज नव्हती.

"बाबांनी गाडी विश्वासाने माझ्याकडे दिली आहे," मी म्हणालो. "थोरला म्हणून."

तिने पातेलं ठेवलं. "बाबा गाडी आधी त्यांनाच देणार होते. तेच नको म्हणाले. म्हणाले, दादांना द्या. दादांना तसा काही विरंगुळा नाही."

मी खाली गेलो. बदकाच्या फुटबोर्डवर बसलो. म्हणजे गाडी त्याने नाकारलेली होती, आणि नाकारतानाही माझ्यावर उपकार करून ठेवले होते. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. माझं उभं आयुष्य या माणसाच्या मनाच्या मोठेपणाखाली चेंगरून चाललं होतं, आणि बोलायची सोय नव्हती, कारण चूक काढायची तरी कशात? मी ठरवलं, भंगारवाल्याला बोलवायचं. जा म्हणावं विमानाने. समुद्र बघा, वाळू बघा.

तेवढ्यात फोन वाजला. "जावईबापू, गळलं का हो चेंबर?"

"गळलं बाबा."

"कुठून?"

"तळाच्या जोडातून."

"हं," सासरे म्हणाले. मग जरा थांबून, "झोप नाही लागली मला. म्हटलं, काय झालं असेल..." आणि मग हळूच, "होईल ना हो?"

ऐंशी वर्षांचा माणूस माझ्या चेंबरसाठी जागा राहिला होता. साडूच्या कुठल्याच वस्तूसाठी ते जागे राहिल्याचं मी ऐकलेलं नाही. मी भाजीची पिशवी उचलली आणि पुन्हा रिक्षात बसलो.

वेल्डरने दुसऱ्यांदा जोड मारला, यावेळी खडू खरोखर कोरडा राहिला, आणि डॉक्टरने चेंबर बसवलं. इंजिन खाली उतरलं, बॉनेट बंद झालं. सेक्रेटरींनी ते स्वतः दोनदा दाबून पाहिलं. अ‍ॅक्सल आणि चेंबर यांच्यामध्ये डॉक्टरने बोट घालायचा प्रयत्न केला, ते गेलं नाही. माझं गेलं. "जरा कमी वाटतंय," तो म्हणाला, "पण चालेल. फार वजन टाकू नका पुढे." मी आनंदात होतो. असल्या वेळी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहतं?

इंजिन बदललं की त्याची नोंद वाहन कार्यालयात करावी लागते, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नोंद करायला गाडी कार्यालयात न्यावी लागते. कशी न्यायची, तर रस्त्यावरून. हा पेच मी सोडवला नाही, सरळ गाडी घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी इंजिन पाहिलं, ठीक म्हणाले. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण इतके दिवस रिक्षातून वाहिलेलं चेंबर कुणीतरी बघावं असं मला वाटलं. मी त्यांना वाकायला लावून ते दाखवलं.

साहेब ताठ झाले. "म्हणजे इंजिनात फेरफार आहे."

"इंजिनात नाही, फक्त चेंबरला थोडं..."

"चेंबर इंजिनाचाच भाग. फेरफाराला कंपनीचं पत्र लागतं."

"साहेब, ती कंपनी केव्हाच बंद झाली."

"मग बंद झाल्याचं पत्र आणा."

"कुणाकडून?"

"कंपनीकडून," साहेब म्हणाले आणि जेवायला गेले.

मी कार्यालयाच्या आवारात गाडीला टेकून उभा होतो. घरी फोन करून बायकोला एवढंच सांगितलं की उशीर होईल. तिने काय करावं? साडूला फोन केला. तो आला. कुणाला ओळखत नव्हता, कुणाचं नाव घेतलं नाही, खिशात हात घातला नाही. साहेब जेवून येत होते, त्यांना त्याने विचारलं, "साहेब, पाठ दुखते का तुमची? वाकून चालताय." साहेबांची पाठ दुखत होती. दोघे बाकावर बसले. कुठल्या कुशीवर झोपावं यावर पुष्कळ चर्चा झाली. मग साडू म्हणाला, "आमच्या दादांचं ते चेंबर म्हणजे शेवटी तेलाचं भांडंच ना? घरच्या भांड्याला पोचा आला तर आपण काय ते बदललं असं म्हणतो का?" साहेब हसले. शिक्का बसला.

"चला दादा, झालं," साडू म्हणाला. मी आभार मानले. ते तोंडातून काढायला मला काय कष्ट पडले ते माझं मलाच माहीत. चेंबरसुद्धा इतक्या अवघडपणे निघालं नव्हतं.

आणि तळ्यावर जायचा ठरलेला रविवार आला. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. मी बदकाचं पुढचं दार उघडून धरलं. ते बसले आणि समोरच्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला. मागे बायको आणि मेहुणी. खाण्याचे डबे आणि घडीच्या खुर्च्या घेऊन साडू त्याच्या मोठ्या गाडीतून मागून येणार होता. एकटा. मला ही मांडणी फारच आवडली होती. ती मीच केली होती.

फाटकाजवळचा स्पीडब्रेकर आला. मी वेग अगदी कमी केला. बदक वर गेलं, खाली आलं. काही आवाज नाही. सासरे म्हणाले, "वा!" पुढे तर ते बोलायलाच लागले. या वळणावर पूर्वी पेरूची बाग होती. त्या पुलावर एकदा टायर बसलं तेव्हा या दोघी मागे रडत होत्या आणि मी जॅक विसरलो होतो. तुमच्या सासूबाईंना हॉर्नची फार लाज वाटायची. मधेच त्यांनी हॉर्न वाजवून दाखवला. मागे दोघी बहिणी लहान मुलींसारख्या हसल्या. बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं. यावेळचं पाहणं वेगळं होतं. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये.

तळ्याकडे वळणारा फाटा लागला तसे सासरे मागे वळून बघू लागले. "तो एकटाच येतोय ना मागून?"

"येतायत बाबा, अगदी मजेत येतायत," मी म्हणालो.

"एकटा कसला मजेत? थांबवा बरं. इथून पुढे सगळे एकत्र जाऊ."

मी थांबवली. दुसरं काय करणार? साडूने आपली गाडी झाडाखाली लावली आणि डबे घेऊन आला. मागच्या सीटवर त्याचे गुडघे मावत नाहीत, म्हणून सासरे उतरून मागे दोघी मुलींच्या मधे बसले आणि साडू पुढे बसला. माझ्या शेजारी. तो उंचापुरा, भरलेला माणूस आहे. तो टेकला तसं बदक नाकावर खाली गेलं.

पहिल्या खड्ड्यालाच आवाज आला. ठक्.

"काय झालं?" साडूने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. ठक्. ठक्. रस्ता जरा खराब होता. दर हिसक्याला अ‍ॅक्सल वर येऊन चेंबरला खालून टोला देत होता. डॉक्टरने काय सांगितलं होतं ते आत्ता आठवलं. मी थांबून खाली वाकून पाहिलं. जोडाजवळ पोचा पडला होता आणि एक काळा थेंब लोंबत होता. अजून थोडे टोले, की सगळं तेल रस्त्यावर आणि इंजिन कायमचं बंद.

मी उठलो, हात झटकले. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत हे वाक्य बोलायची संधी मला कुणी दिली नव्हती. "साडूभाऊ," मी शक्य तेवढ्या गंभीरपणे म्हणालो, "तुम्हाला उतरावं लागेल. चेंबरचा प्रश्न आहे."

"हात्तिच्या! एवढंच ना?" तो हसत उतरला. "तळं ते काय समोर दिसतंय. मी येतो चालत."

मी स्टिअरिंगवर बसलो. "बाबा, या पुढे."

मागचं दार उघडलं. सासरे उतरले आणि साडूच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "मीही येतो रे तुझ्याबरोबर. पाय मोकळे होतील."

"बाबा, दगडधोंडे आहेत, मी धरते," म्हणत मेहुणी उतरली. बायको जरा थांबली. मग म्हणाली, "गाडीला तेवढंच वजन कमी," आणि तीही उतरली. डबे मात्र त्यांनी माझ्याकडे ठेवले.

ते चौघे पुढे चालत निघाले आणि त्यांच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये, मी. पुढे एक स्पीडब्रेकर होता, चांगला उंच. मी त्यावरून गेलो. चेंबरने हूं की चूं केलं नाही. इतक्या अलगद बदक उभ्या जन्मात कुठल्या स्पीडब्रेकरवरून गेलं नसेल. त्या वेळी गाडीत मी आणि डबे होतो.

समोरून कुत्रा फिरवत एक गृहस्थ आले. गाडी बघून थांबले. "काय सुंदर जपलीय हो! आणि ड्रायव्हरही चांगला ठेवलाय, किती सांभाळून चालवतो."

"ड्रायव्हर नाहीत ते," साडूने सांगितलं, "आमचे दादा आहेत. सगळी गाडी त्यांनीच उभी केली. चेंबर कापून!" त्याच्या आवाजात एवढा अभिमान होता की मला रडू यायचं बाकी राहिलं. या माणसाचा राग करायला जरा तरी जागा ठेवायची होती देवाने.

ते गृहस्थ गेले. पुढे सासरे काहीतरी सांगत होते. काचेतून मला ऐकू येत नव्हतं, फक्त चौघांचे खांदे हसताना हलत होते ते दिसत होतं. सासऱ्यांचा हात साडूच्या खांद्यावर होता. कानात यंत्र होतं. इंजिन तापायला लागलं होतं. इतक्या हळू चालायला ते टेम्पोमध्येही शिकलं नव्हतं.

मी बदक कडेला घेतलं. हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला, डबे आतच राहू दिले, आणि पळालो. या वयात, सुटलेल्या पोटाने, भर दिवसा. बायकोने मागे वळून पाहिलं, मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी सरळ सासरे आणि साडू यांच्या मधे शिरलो. तिथे जागा नव्हती. साडूला थोडं सरकावं लागलं, सासऱ्यांचा हात क्षणभर अधांतरी राहिला, आणि मग आधाराला जे पहिलं सापडलं त्यावर येऊन टेकला. तो माझा खांदा होता.

"गाडी कुठे ठेवलीत, जावईबापू?"

"मागे आहे."

"आणि चेंबर?"

"आहे अजून."

"मग ठीक," सासरे म्हणाले आणि चालू लागले.

तळं येईपर्यंत तो हात तिथून हलला नाही. माझ्यावर काही एकदम जीव जडला असेल असं मी म्हणत नाही. साडूचा खांदा उंच पडतो. त्यांना माझा सोयीचा वाटला असेल. असू दे. मी जरा आणखी वाकून चालू लागलो.